हातात भारी पानं असताना फोल्ड कधी करायचं?

पोकरमध्ये कचरा पानं टाकून देणं कुणालाही जमतं. सत्ती-दुर्री आली, फोल्ड, विषय संपला. खरी पंचाईत होते ती चांगली पानं आल्यावर. म्हणजे तासभर वाट बघून एकदाची एक्क्यांची जोडी आलीये, पहिल्यापासून तुम्हीच बेट लावत आलाय, आणि शेवटच्या पानावर समोरचा अचानक ढीगभर चिप्स पुढे सरकवतो. आता कॉल करायचं, म्हणजे तेवढ्याच चिप्स टाकून त्याची पानं बघायची, की फोल्ड? बहुतेक लोक इथं स्वतःची पानं परत एकदा उचलून बघतात, "एवढी भारी पानं सोडायची कशी" असं म्हणतात आणि कॉल करतात. माझं म्हणणं असं आहे की त्या वेळी स्वतःच्या पानांकडे बघून काहीच मिळत नाही, ती तुम्हाला माहितीच आहेत. विचार करायचा तो याचा की हा माणूस कुठल्या कुठल्या पानांवर असं खेळला असता आणि त्यातली किती तुम्हाला हरवतात. आणि हे चक्क मोजता येतं, त्यासाठी गणितात हुशार असायची गरज नाही, बेरीज-भागाकार येत असला की झालं.

आधी खेळ दोन ओळीत, कारण सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. मी टेक्सास होल्डमबद्दल बोलतोय. प्रत्येकाला दोन पानं बंद मिळतात आणि टेबलाच्या मधे पाच पानं उघडी पडतात जी सगळ्यांची सामायिक, आधी तीन एकदम पडतात त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक टर्न, मग शेवटचं रिव्हर. या सात पानांतून तुमची सगळ्यात चांगली पाच पानं धरायची. दर टप्प्याला बेटिंग होतं.

आपल्याकडचे बरेच जण तीन पत्तीतून पोकरकडे येतात आणि तिथली एक सवय बरोबर घेऊन येतात. तीन पत्तीत ट्रेल (एकाच आकड्याची तीन पानं) म्हणजे ट्रेल. एका कॅटमधून तीन पानांचे २२,१०० प्रकार निघतात, त्यात ट्रेल फक्त ५२, त्यामुळे ट्रेल आली की डोळे झाकून चाल वाढवत राहायचं, कारण टेबलावर उघडं पान एकही नाही आणि समोरच्याला काय लागलं असेल याचा काही सुगावाच नसतो. होल्डममध्ये पाच पानं डोळ्यासमोर पडलेली असतात आणि जी तुम्हाला मदत करतात ती समोरच्यालाही करतात. म्हणून "माझ्याकडे फुल हाऊस आहे" हे वाक्य तिथं अर्धवट आहे (फुल हाऊस म्हणजे एका आकड्याची तीन आणि दुसऱ्या आकड्याची दोन पानं). बोर्ड कुठला, ते सांगितल्याशिवाय त्या फुल हाऊसची किंमत कळत नाही.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे १९९८ ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, लास व्हेगास, मेन इव्हेंटचा शेवटचा डाव. स्कॉटी न्यूयेन विरुद्ध केविन मॅकब्राइड, पहिलं बक्षीस दहा लाख डॉलर. बोर्डवर पडलं अठ्ठी, नव्वी, नव्वी, अठ्ठी, अठ्ठी. म्हणजे बघा, टेबलावरच फुल हाऊस तयार, तीन अठ्ठ्या आणि दोन नव्व्या! स्कॉटीनं ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. मॅकब्राइडच्या हातात राणी आणि दश्शी, त्यांचा काही उपयोग नाही, पण बोर्डवरचं फुल हाऊस त्याचंही होतंच की, त्यानं कॉल केला. स्कॉटीकडे गुलाम आणि नव्वी होती, म्हणजे तीन नव्व्या आणि दोन अठ्ठ्या, वरचं फुल हाऊस. स्पर्धा तिथंच संपली.

आता मॅकब्राइडच्या जागी बसून मोजा. त्याला कोण हरवतं? ज्याच्याकडे उरलेली एक अठ्ठी आहे तो, उरलेल्या दोनपैकी एक नव्वी आहे तो, आणि दश्शीपासून वरची कुठलीही जोडी हातात असलेला. बाकी सगळ्यांशी बरोबरी, पॉट (मधे जमलेल्या सगळ्या चिप्स) अर्धा-अर्धा. आणि तो कुणाला हरवतो? कुणालाच नाही! फुल हाऊस असूनही एकही असा माणूस नाही ज्याला तो हरवू शकतो, कारण बोर्ड सगळ्यांचाच. नाव फुल हाऊस, ताकद शून्य. अशा जागी कॉलचा हिशोबही बदलतो. समजा पॉट ४००० आहे आणि समोरच्यानं ४००० लावले, तुम्ही बरोबर ठरलात तर तुम्हाला आधीच्या पॉटचे फक्त २००० मिळणार आणि चुकलात तर ४००० जाणार, म्हणजे तीनातून दोनदा बरोबर असाल तरच हा कॉल जेमतेम परवडतो. नेहमीच्या डावात, जिथं जिंकलात तर पूर्ण पॉट तुमचा, तिथं एवढ्याच बेटला तीनातून एकदा बरोबर असलं तरी चालतं. केवढा फरक आहे बघा.

हे "तीनातून एकदा" कुठनं आलं ते आता सांगतो कारण बाकी सगळं याच्यावर उभं आहे. पॉटमध्ये ४००० आहेत, समोरच्यानं ४००० लावले, तुम्हाला कॉल करायला ४००० लागतात. कॉल केल्यावर मधे एकूण १२,००० होतात, त्यातले ४००० तुमचे. ४००० भागिले १२,०००, म्हणजे साधारण ३३ टक्के. एवढ्या वेळा तुम्ही जिंकत असाल तर नफा नाही तोटा नाही, त्याच्या वर गेलात तर कॉल फायद्याचा. त्यानं अर्ध्या पॉटची बेट लावली, म्हणजे २०००, तर २००० भागिले ८०००, २५ टक्के पुरतात. त्यानं पॉटच्या दुप्पट लावले, ८०००, तर ८००० भागिले २०,०००, ४० टक्के लागतात. लक्षात घ्या, ५० टक्के कुठंच लागत नाहीत. "मी बहुतेक हरतोय" असं वाटत असतानाही कॉल बरोबर असू शकतो, आणि हे पचनी पडायला लोकांना खूप वेळ लागतो.

आणि त्या पॉटमध्ये तुम्ही आधी टाकलेल्या चिप्स आता तुमच्या राहिल्या नाहीत. "एवढं घातलंय तर आता शेवटपर्यंत बघू" हा विचार हिशोबात कुठंच बसत नाही, तुम्ही टाकलेले असोत नाहीतर समोरच्यानं टाकलेले, पॉट तो पॉट.

आता एक डाव नीट उलगडून बघू. आकडे चिप्सचे धरा. (भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाईन गेम, पोकरसकट, बंद झालेत. गोव्यातल्या कॅसिनोंमध्ये टेबलावर बसून पोकर चालतं, पण शिकायचंच असेल तर मित्रांमध्ये नुसत्या चिप्सवर खेळा, हिशोब तोच राहतो.)

तुमच्याकडे बदामचा एक्का आणि किलवरचा एक्का. फ्लॉपच्या आधी तुम्ही रेज केलं (बेट वाढवली), एकानं कॉल केलं. फ्लॉप आला इस्पिक राजा, इस्पिक नव्वी, चौकट चव्वी. तुम्ही बेट, त्याचा कॉल. टर्नला बदाम दुर्री, परत तुमची बेट, परत कॉल. रिव्हरला किलवर सत्ती. पॉट ४०००. तुम्ही चेक केलं (बेट न लावता पाळी पुढे दिली) आणि त्यानं ४००० लावले.

पहिलं काम, तुम्हाला काय काय हरवतं. या बोर्डवर स्ट्रेट (ओळीनं पाच पानं) होऊ शकत नाही आणि फ्लशही (एकाच रंगाची पाच पानं) नाही, कारण एका रंगाची तीन पानं पडलेलीच नाहीत, तेव्हा राहतात सेट (हातातली जोडी आणि बोर्डवर तिसरं तसंच पान) आणि दोन जोड्या. त्याच्या हातात नव्व्यांची जोडी असेल तर सेट, कॅटमध्ये चार नव्व्या, एक बोर्डवर, उरल्या तीन, तीनातून दोन निवडायचे प्रकार ३. चव्व्यांचंही तसंच, ३. राजांची जोडीही असू शकते पण ती असती तर फ्लॉपच्या आधीच त्यानं उलटं रेज केलं असतं, म्हणून सोडून द्या, आणि दुर्र्यांची जोडी घेऊन कुणी फ्लॉपच्या बेटला आणि सत्त्यांची घेऊन टर्नच्या बेटला सहसा थांबत नाही, त्याही सोडा. मग एकाच रंगाचे राजा-नव्वी, बोर्डवर दोन्ही इस्पिकचे गेलेत म्हणून बदाम, चौकट, किलवर असे ३. आणि एकाच रंगाचे राजा-सत्ती, बदाम आणि चौकट, २. एकूण ११ प्रकार तुम्हाला हरवणारे धरू.

दुसरं काम, तुम्ही कुणाला हरवता जो तरीही इतकी मोठी बेट लावेल. फ्लॉपवर दोन इस्पिक होते, त्यामुळे इस्पिकच्या फ्लशची वाट बघत आलेली आणि शेवटी फसलेली पानं. इस्पिकचे एक्का-राणी, एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-अठ्ठी, छक्की-पंजी. हे झाले ८. आणखीही निघतील, पण एवढे धरू. यांच्याकडे रिव्हरला काहीच नाही, जिंकायचं असेल तर ब्लफ हाच मार्ग.

११ विरुद्ध ८. एकूण १९ त्यातले ८ तुम्ही जिंकता, साधारण ४२ टक्के. लागत होते ३३. कॉल.

आता फक्त एक पान बदला. तुमच्या हातात बदामच्या एक्क्याऐवजी इस्पिकचा एक्का आहे असं धरा. तीच एक्क्यांची जोडी, ताकद तीच, नाव तेच. पण इस्पिकचा एक्का तुमच्या हातात म्हणजे समोरच्याकडे इस्पिकचे एक्का-राणी, एक्का-गुलाम, एक्का-दश्शी असूच शकत नाहीत. ८ मधले ३ उडाले, राहिले ५. हरवणारे ११ तसेच. १६ मधले ५, म्हणजे ३१ टक्के. फोल्ड! मला पोकरमधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. बहुतेक लोकांना वाटतं की इस्पिकचा एक्का हातात असणं चांगलं, आणि फ्लॉपवर ते चांगलं असतंही, पण रिव्हरला तोच एक्का समोरच्याचे ब्लफ खाऊन टाकतो. याला ब्लॉकर म्हणतात, आणि कॉल-फोल्डचा काटा अगदी मधोमध असतो तेव्हा निकाल बऱ्याचदा ब्लॉकरच लावतो.

पण हे सगळं तो माणूस फसलेली आठही पानं ब्लफ करतो असं धरून. इथं माणूस कोण आहे हा प्रश्न येतो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चिप्स याच प्रश्नावर जातात किंवा वाचतात. समोर असा काका बसलाय जो दोन तासात एकदाही उगाच मोठी बेट लावताना दिसला नाही, फ्लश फसला की निमूटपणे चेक करतो, तर त्याचे ब्लफ ८ नाहीत, एखादाच असेल नाहीतर शून्य. ११ विरुद्ध १ म्हणजे ८ टक्के, एक्के असले तरी टाकायचे, त्यात जिवाला लावून घेण्यासारखं काही नाही. उलट समोर असा पोरगा आहे जो राजा-राणी घेऊन पण स्वतःला जगज्जेता समजतो आणि पॉटएवढी बेट लावतो, तर राजा-राणीचे १२ प्रकार आहेत (तीन राजे गुणिले चार राण्या) ते सगळे तुमच्या बाजूला आले, ११ विरुद्ध २०, आता कॉल करायला क्षणाचाही विचार नको. पानं तीच, बोर्ड तोच, बेट तीच, आणि माणूस बदलला की उत्तर बदलतं.

म्हणून डावात नसताना मोबाईल बघू नका. कोण रिव्हरला काय दाखवतो ते बघा, कारण शेवटी पानं उघडली जातात तेव्हाच कळतं की हा माणूस मोठी बेट कशावर लावतो. ती माहिती फुकट मिळते आणि नंतर एका मोठ्या डावात वसूल होते.

एक खूण मात्र जवळजवळ सगळीकडे चालते. तुम्ही रिव्हरला बेट लावली आणि समोरच्यानं त्यावर मोठं रेज केलं, आणि टेबल छोट्या रकमांचं आहे, तर तुमची एक जोडी, कितीही मोठी असो, बहुतेक वेळा मेलेली असते. ज्यानं आधीच ताकद दाखवलीये त्याच्यावर शेवटच्या पानाला उलटा ब्लफ टाकायला छाती लागते आणि ती हौशी खेळाडूंमध्ये फार कमी दिसते. चेकनंतर आलेली बेट आणि बेटवर आलेलं रेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हीला एकच भाव देऊ नका.

आता हे वाचून काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातील आणि कुणी जरा मोठी बेट लावली की फोल्ड करत सुटतील, ते तर जास्त महागात पडतं. समोरच्याच्या बाजूनं बघा. पॉट ४०००, तो ४००० चा ब्लफ टाकतो. तुम्ही निम्म्या वेळा फोल्ड केलंत की त्याचा ब्लफ फुकटात पडला, निम्म्याहून जास्त केलंत तर तो हातातली पानं न बघता नफ्यात. म्हणजे ज्याच्याबद्दल तुम्हाला काहीच माहीत नाही असा तयारीचा खेळाडू समोर असेल, तर त्या जागी तुम्ही ज्या ज्या पानांनी पोचला असता त्यातली वरची निम्मी तरी कॉल करायलाच हवीत. आणि मघाच्या बोर्डवर एक्क्यांची जोडी तुमच्या वरच्या पानांतच येते, फक्त तुमचे स्वतःचे सेट आणि दोन जोड्या तिच्यावर. ती टाकायची म्हटली तर मग तुम्ही कॉल करणार तरी कशानं?

२००३ च्या मेन इव्हेंटमध्ये हेच झालं, शेवटच्या दोघांत. बोर्डवर इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, इस्पिक अठ्ठी आणि रिव्हरला बदाम तिर्री. सॅमी फारहाकडे नव्व्यांची जोडी, म्हणजे बोर्डवरच्या सगळ्यात मोठ्या पानाशी जमलेली. ख्रिस मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती, फ्लशही होऊ शकत होता आणि स्ट्रेटही, दोन्ही फसले. त्यानं ऑल-इन केलं. फारहानं विचार केला, बराच केला, आणि फोल्ड केलं. काही वेळानं मनीमेकर जिंकला, ८३९ खेळाडूंतून पहिला, २५ लाख डॉलर. लोक फारहाला नावं ठेवतात, मला ते पटत नाही, फ्लश आणि स्ट्रेट दोन्ही शक्य असलेल्या बोर्डवर एका जोडीनं सगळं पणाला लावणं सोपं नव्हतं. पण त्याच्याकडे इस्पिकची राणी होती आणि तीन इस्पिक बोर्डवर होते, म्हणजे समोर तयार फ्लश असण्याचे बरेच प्रकार त्याच्याच हातानं कमी केले होते. हा ब्लॉकर कॉलच्या बाजूचा होता.

फ्लॉपच्या आधी राजांची जोडी टाकायची का, हा प्रश्न सतत विचारला जातो, त्याचं उत्तर लवकर आटपतं. समोरच्यानं ऑल-इन केलं. एक्क्यांचे प्रकार ६. राण्यांचे ६. एक्का-राजा, दोन राजे तुमच्याकडे म्हणून उरले दोन, गुणिले चार एक्के, ८. तो एक्का-राजा किंवा राण्या घेऊन ऑल-इन करू शकत असेल तर ६ विरुद्ध १४, कॉल. फक्त आणि फक्त एक्के घेऊनच जाणारा माणूस असेल तरच फोल्ड, कारण एक्क्यांसमोर राजे पाचातून एकदाही धड जिंकत नाहीत, साधारण १८ टक्के. असा माणूस असतो, पण तुमच्यासमोरचा तोच आहे हे नुसत्या भीतीवरून ठरवू नका.

आणि काही डाव हरायचेच असतात. २००८ च्या मेन इव्हेंटमध्ये मोतोयुकी माबुचीकडे चार एक्के होते आणि जस्टिन फिलिप्सकडे रॉयल फ्लश (एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, याच्यावर काहीच नाही). माबुचीला हरवणारं जे होतं ते एवढं दुर्मिळ की त्याच्या जागी कुणीही शेवटपर्यंत गेलंच पाहिजे. निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट होत नाही, आणि हिशोब तपासायचा तो डाव संपल्यावर शांतपणे, आलेल्या निकालावरून नाही.

टूर्नामेंटमध्ये मात्र अजून एक गोष्ट मधे येते. कॅश गेममध्ये, जिथं चिप्स म्हणजे थेट पैसे, १००० जिंकले काय नि १००० हरले काय, वजन सारखंच. टूर्नामेंटमध्ये हरलेल्या चिप्स जिंकलेल्यांपेक्षा जड असतात, कारण सगळ्या चिप्स संपल्या की तुम्ही बाहेर आणि दुप्पट झाल्या म्हणून बक्षीस दुप्पट होत नाही. बक्षिसाच्या उंबरठ्यावर एक-दोन जणच बाहेर जायचे राहिले असतील तेव्हा हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो, आणि तिथं ३३ टक्क्यांची गरज सरळ ४०-४५ वर जाऊ शकते.

सॅटेलाइटमध्ये तर कमालच होते. सॅटेलाइट म्हणजे छोट्या फीची टूर्नामेंट जिचं बक्षीस मोठ्या टूर्नामेंटचं तिकीट असतं, मनीमेकर १०,००० डॉलरच्या मेन इव्हेंटला अशाच ८६ डॉलरच्या ऑनलाईन सॅटेलाइटमधून पोचला होता. समजा तिकिटं १० आहेत आणि खेळाडू उरलेत ११. तुमच्याकडे दुसऱ्या नंबरच्या चिप्स, आणि एका कोपऱ्यात एक जण जेमतेम एका ब्लाइंडवर (डाव सुरू होताना आळीपाळीनं सक्तीनं टाकायची बेट) तग धरून आहे. सगळ्यात जास्त चिप्स असलेल्यानं ऑल-इन केलं आणि तुम्हाला आले दोन एक्के. एकास एक लढतीत एक्के कुठल्याही पानांसमोर साधारण ८५ टक्के जिंकतात. पण जिंकून मिळणार काय? तेच तिकीट, जे फोल्ड करून बसलात तरी जवळपास शंभर टक्के तुमचंच आहे, कारण तो कोपऱ्यातला एक-दोन डावात जाणारच. कॉल केलात तर १५ टक्के वेळा तुम्हीच अकरावे. म्हणून तिथं समोरच्याची पानं काय असतील हे मोजायचीसुद्धा गरज नाही, एक्के फोल्ड करायचे आणि पुढच्या डावाची पानं घ्यायची.